‘ठोके मोजणं ही कला कशी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

“हृदय हा पंप आहे. त्याचे ठोके आम्ही रोज मोजतो. त्याला दिवे जोडले म्हणून कला होत नाही, आणि विज्ञान तर नाहीच. रुग्णाला याचा उपयोग काय?” असं तुम्ही माणसांच्या ठोक्यांवर दिवे लुकलुकवणाऱ्या ‘पल्स रूम’ या कलाकृतीबद्दल लिहिलंत. इतक्या मुळाशी जाऊन आक्षेप घेतलात, याबद्दल आभार. पण तो मला पटलेला नाही.

ती करणारा मेक्सिकन-कॅनेडियन कलावंत राफाएल लोझानो-हेमर याचं शिक्षण भौतिक रसायनशास्त्राचं. त्याच्या ‘पल्स रूम’मध्ये प्रेमाचा लाल बदाम कुठेही नाही; नाडीची लय आहे, बस. २००६ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात, एका जुन्या कापडगिरणीत ते काम पहिल्यांदा मांडलं गेलं. छताला साधे, तारेचे बल्ब टांगलेले, शंभर ते तीनशे. समोरच्या यंत्राच्या मुठी हातात धरल्या की यंत्र नाडी ओळखतं आणि जवळचा बल्ब त्या लयीत लुकलुकू लागतो. हात सोडला की क्षणभर अंधार. मग तुमची लय रांगेतल्या पहिल्या बल्बवर जाते, आधीच्या प्रत्येकाची एकेक घर पुढे सरकते आणि सगळ्यात जुनी खोलीतून कायमची जाते.

नुसते दिवे जोडले असते तर मी तुमच्याच बाजूने बोलले असते. इथली कला त्या रांगेत आहे. तुम्ही आलात म्हणून कुणाचा तरी ठोका गेला, आणि पुढे येणारे तुमचाही घालवतील. भिंतीवर पाटी न लावता हे हाताला कळतं.

शेजारच्या दोन बल्बकडे पाहत राहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. एक मिनिटाला ७२ ठोक्यांचा आणि दुसरा ७५चा असेल, तर दर २० सेकंदांनी ते एकत्र लागतात आणि पुन्हा सुटतात. लोझानो-हेमरला ही कल्पना सुचली ती स्वतःच्या जुळ्यांचे ठोके, ती पोटात असताना, दोन सोनोग्राफी यंत्रांवर एकाच वेळी ऐकताना. तुमच्या अतिदक्षता विभागातही शेजारशेजारचे मॉनिटर असेच वाजत असतात. तिथे प्रत्येक आकडा वेगळा वाचणं हे तुमचं काम, आणि ते तसंच असायला हवं. सगळे मिळून काय वाजतंय हे ऐकण्याची मोकळीक कलावंताला आहे.

रुग्णाला उपयोग? इथे नाही. पण मागे राहिलेल्यांचं काय? ख्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने २००८पासून जगभरच्या माणसांचे ठोके ध्वनिमुद्रित केले, आणि २०१०मध्ये जपानच्या तेशिमा बेटावर त्यांचा संग्रह उघडला. नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्याचे ज्यू वडील घरातच फरशीखाली लपून राहिले होते. माणसं मागमूस न ठेवता नाहीशी होतात, ही गोष्ट त्याच्या सगळ्या कामात आहे. आपल्या दिवंगत आप्ताचा ठोका तिथे नोंदलेला असेल, तर तेशिमाला गेलेला माणूस तो शोधून हेडफोनवर ऐकू शकतो. तुमच्या ईसीजीच्या पट्टीला विचारायचं असतं ते एवढंच, की हृदय नीट चाललंय का. तो प्रश्न मोलाचा आहे, पण त्या आप्ताचा प्रश्न वेगळा आहे.

राहिला ‘विज्ञान तर नाहीच’ हा मुद्दा. पल्स रूमपुरतं ते खरं आहे. तिथे नवं ज्ञान हाती लागत नाही. पण सगळ्याच कलेला हे लावू नका. लिओनार्दो दा विंचीने बैलाच्या हृदयाची चित्रं काढता काढता महाधमनीच्या झडपेपाशी रक्ताचे भोवरे होतात आणि ते झडप मिटायला मदत करतात, असं मांडलं. काचेचं प्रारूप करून, पाण्यात गवताचं बी सोडून प्रवाह बघायची युक्तीही त्याने लिहून ठेवली. रक्ताभिसरण विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने मांडलं ते १६२८ साली, म्हणजे शंभर वर्षांनंतर. आणि भोवऱ्यांची गोष्ट प्रयोगांनी पक्की झाली विसाव्या शतकात. त्या माणसाच्या हातातली लेखणी विज्ञानाबाहेर होती, असं तुम्ही म्हणाल का?

या झडपेवर तुम्ही लिहिणार असाल तर ते इथे छापायला मला आवडेल.