तो उग्र वास जंतू मरण्याचा नाही, क्लोरीनचा आहे

कोथरूडच्या मावशीने काल फोनवर विचारलं, “अगं, ब्लीचिंग पावडर कुठे मिळेल?” तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘कंपन्या लपवतात ती घरगुती गुपितं’ अशा नावाचा मेसेज फिरतोय. टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीचिंग पावडर कालवून बाथरूम घासा; खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की कुठलाही डाग निघतो; पाण्यात तुरटी फिरवली की उकळायला नको; साधं मीठ विषारी, सैंधवच खा. आता तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलाय, म्हणून लिहिणं भाग आहे.

पहिला उपाय जीवघेणा आहे. टॉयलेट क्लीनरची बाटली उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचा. बहुतेकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण 10 टक्के. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पावडरऐवजी बाटलीतलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घेतलं तरी तेच. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला तो हाच वायू. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे खाली साठतो, आणि फरशी घासणारं माणूस उकिडवं बसलेलं असतं. डोळ्यांतल्या, घशातल्या, फुफ्फुसांतल्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल बनतं. कधीकधी खरा त्रास काही तासांनी सुरू होतो.

आणि मेसेज काय म्हणतो? ‘वास उग्र येईल, घाबरू नका, जंतू मरत आहेत. तोंडाला ओढणी बांधा.’ हे वाचून माझा संताप झाला. ज्या वासाने माणूस बाहेर पळून वाचला असता, त्याच वासात त्याला थांबायला सांगताय? ओढणीतून वायू आरपार जातो.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या एप्रिल 2020 च्या अहवालात एका बाईंची नोंद आहे. कोरोनाच्या धास्तीने त्यांनी भाज्या-फळं धुवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. खोकला सुरू झाला, श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली, ऑक्सिजन द्यावा लागला. व्हिनेगर तर सौम्य आम्ल. टॉयलेट क्लीनर त्याहून कितीतरी तीव्र.

चुकून मिसळलंच तर आवरत बसू नका. सगळं तसंच टाकून मोकळ्या हवेत या, श्वासाला त्रास वाटला तर 108 ला फोन करा.

सोडा-व्हिनेगरचं म्हणाल तर दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, हे मान्य. बोअरच्या पाण्याने नळावर बसलेला पांढरा थर व्हिनेगरने विरघळतो, ओट्यावरचा तेलकटपणा सोड्याने निघतो. पण एकत्र केलं की दोघं एकमेकांनाच संपवतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट.

तुरटीने गाळ खाली बसतो, तेही खरं. पाणी नितळ दिसतं, पण नितळ पाण्यातही जिवाणू असतात. जलशुद्धीकरण केंद्रातसुद्धा तुरटीने गाळ बसवल्यावर जंतूंसाठी मोजून क्लोरीन द्यावा लागतो. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता आणि सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. पुण्यात राहून इतक्यात विसरलो?

सैंधवही साध्या मिठासारखं सोडियम क्लोराइडच. फक्त त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं, आणि गलगंड टाळायला तेच लागतं.

हे उत्तर ज्या ग्रुपवर मेसेज आला तिथेच टाका. शिवाय घरी कामाला येणाऱ्या ताईंना तोंडी सांगा. त्या ग्रुपवर नसतात, आणि बाथरूम बहुतेक घरांत त्याच घासतात.