थ्रिलरमध्ये बायका मरतात ते "फक्त वास्तव" आहे?

एक मुद्दा फार फिरतोय: क्राइम कादंबरीत बाईवर अत्याचार दिसला की लगेच स्त्रीद्वेष म्हणू नका, जगात हे होतंच, लेखक फक्त वास्तव दाखवतो, आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकाच तर आहेत. मी कॉलेजपासून थ्रिलर वाचतेय, आवडीने वाचतेय, म्हणूनच हे पटत नाही.

आधी वास्तवाचं बघू. संयुक्त राष्ट्रांचा २०१७ चा हिशोब असा की जगभरात खून झालेल्यांमध्ये साधारण ८०% पुरुष. त्या वर्षी अंदाजे ८७,००० बायका मारल्या गेल्या आणि त्यातल्या ५०,००० जणींना जोडीदाराने नाहीतर घरच्यांनीच मारलं. आपल्याकडे एनसीआरबीच्या, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, २०२२ च्या आकड्यांत बायकांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ केसेस आहेत, त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३१.४%, नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा. आता थ्रिलर उघडा. तळघर, अनोळखी हुशार सिरियल किलर, आणि एकामागून एक तरुण सुंदर मुली. हे वास्तव नाही, ही निवड आहे, आणि ज्याने निवडलं त्याला प्रश्न विचारलाच पाहिजे.

बरं, खऱ्या केसमध्ये तरी काय झालं? १८८८ चं लंडनमधलं व्हाइटचॅपल घ्या. तिथे खून करणारा जॅक द रिपर कोण होता यावर आजही पुस्तकं निघतात, पण त्याने मारलेल्या पाच जणींबद्दल "वेश्या होत्या" एवढ्यावर विषय संपायचा. इतिहासकार हॅली रुबेनहोल्डने २०१९ मध्ये 'द फाइव्ह' लिहून दाखवलं की त्यातल्या तिघींबद्दल तसा पुरावाच नाही. ॲनी चॅपमन एका कोचमनची बायको होती, एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनहून आलेली, नवऱ्याबरोबर कॉफी हाउस चालवायची. हे वाचून मला खरंच रडू आलं, कारण इतकी वर्षं मीही फक्त "तो कोण" हेच शोधत वाचत होते.

"बायकाच लिहितात" हे खरंय, पण त्याने काही सिद्ध होत नाही. जेसिका मॅन स्वतः क्राइम लेखिका आणि समीक्षक, तिने २००९ मध्ये जाहीर केलं की असल्या क्रूर पुस्तकांचे रिव्ह्यू आपण करणार नाही, आणि सगळ्यात भयंकर प्लॉट बायकांचे असतात हेही तिनेच सांगितलं. आणि आम्ही वाचतो ते का? रात्री एकटीने रिक्षात बसताना जी भीती वाटते ना, ती पुस्तकात शेवटी पकडली जाते म्हणून. तिच्या प्रेताचं तीन पानी वर्णन हवंय म्हणून नाही.

सेन्सॉरशिप म्हणाल तर २०१८ मध्ये स्टॉन्च बुक प्राइज आलं, ज्यात बाईला मारहाण, पाठलाग, लैंगिक शोषण, बलात्कार, खून यातलं काहीच नसलेला थ्रिलर हवा होता. बंदी कुणावरच नव्हती. तरी क्राइम लेखिका व्हॅल मॅकडर्मिडने विरोध केला, की पुरुष हे करतायत तोवर मी लिहिणारच, आणि तिचं मला पटतं. गप्प बसून कुणाचं भलं होत नाही, फक्त लिहिताना करणारा कोण ते लपवू नका.

स्टीग लार्सनच्या कादंबरीचं मूळ स्वीडिश नाव होतं 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत ती झाली 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'. नावातले पुरुष गेले आणि कव्हरवर मुलगी आली.