नोकरीतल्या इंजिनिअरकडून घराचं डिझाइन : खुलासा

दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : ‘नोकरीवाल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घराचं डिझाइन करून घेणं गुन्हा आहे. साध्या घराला मिस्त्री पुरे.’ मी याच क्षेत्रातला, म्हणजे पाया-खांब-स्लॅब किती मजबूत हवेत हे ठरवण्याच्या कामातला, म्हणून लिहितो. दोन्ही वाक्यं चूक आहेत.

सरकारी इंजिनिअरला बंधन आहे, हे खरं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम १६ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय त्याला खासगी व्यवसाय करता येत नाही. पण ते बंधन त्याच्यावर आहे, घरमालकावर नाही. खासगी कंपनीतल्याचं त्याच्या नेमणूकपत्रावर ठरतं. आधीच विचारून घ्या.

मिस्त्रीचं वाक्य मात्र फार घातक. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया वरच्या थरातच ठेवला तर तो मातीबरोबर हलतो आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरप्या चिरा जातात. मग सळई कितीही जाड टाका. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घेतात : खाली फुगीर गोळा असलेला खांब, साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल. मुरूम वरच लागला तर एवढा खर्च लागतही नाही. हे खड्डा खोदून पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

म्हणून जो इंजिनिअर प्लॉटवर न येता फक्त सही देतो, त्याला पैसे देऊ नका. आणि आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, किमान एम-२० मजबुतीचं काँक्रीट लागतं, हे मिस्त्रीलाही सांगून ठेवा.