फितऱ्याचा तांदूळ

अर्धा रमजान उलटला तसं व्हॉट्सअपवर एक पोस्टर फिरायला लागलं. वर चंद्रकोर, मधे 'फितरा माणशी इतके रुपये', खाली क्यूआर कोड. संस्था कुठली, गाव कुठलं, पैसे कुणाच्या चुलीपर्यंत जाणार, कशाचा पत्ता नाही. आमच्या घरच्या ग्रूपवर ते दोघा-तिघांनी टाकलं, आणि पुण्याच्या भाच्याने खाली लिहिलं, "झालं, सगळ्यांचा भरून टाकला." वीजबिल भरल्यासारखं! तिथून आमची जी जुंपली ती अजून चालू आहे. म्हणून इथेच सविस्तर लिहिते. तोही वाचेल.

आधीच सांगते, मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही. मराठी शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला. जे सांगतेय ते मौलानांकडून ऐकलेलं, थोडं वाचलेलं आणि बरंचसं दादीच्या हाताखाली बघितलेलं.

माझ्या बिगर-मुस्लिम मित्रमंडळींना रमजान ईद म्हणजे शीरखुर्मा एवढं पक्कं ठाऊक असतं. फितरा बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. ईदची नमाज व्हायच्या आत घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरलेल्या मापाचं धान्य गरजूच्या घरी पोचवायचं, तो फितरा. माप एक साअ. साअ म्हणजे चार मुद्द, आणि मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. चार ओंजळी धान्य, किलोत अडीच ते तीन. शेवटच्या रोज्याचा सूर्य बुडताना घरात जो जीव आहे त्याच्या नावाचा फितरा निघतो, मग तो नव्वदीचा आजोबा असो नाहीतर तासाभराचं बाळ. मगरीबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळेनंतर, जन्मलेल्याचा नाही. माझा धाकटा भाऊ अशाच शेवटच्या रोज्याला दुपारी जन्मला. "पोराचं तोंड बघायच्या आधी दादीने त्याचा तांदूळ मापला," असं अम्मी शेवटपर्यंत हसत सांगायची.

प्रेषितांच्या काळात मदिनेत खजूर किंवा जव द्यायचे. कोकणात तांदूळ. कारण नियम असा की ज्या मुलखात लोक पोटाला जे खातात तेच द्यायचं. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आणि आम्ही कोकणी शाफई. सुन्नींतले हे दोन पंथ, धर्माचे नियम लावायची रीत थोडी वेगळी. आमच्याकडे शाफई पंथ समुद्रावरून आला. अरबी व्यापारी चौल, दाभोळ अशा बंदरांत उतरायचे. दहाव्या शतकात अल-मसूदी चौलला येऊन गेला, तेव्हा तिथे ओमान, बसरा, बगदादकडच्या मुसलमानांची मोठी वस्ती होती, असं त्याने लिहून ठेवलंय. तीच समुद्रवाट पुढे भटकळ, मलबार करत मलेशिया-इंडोनेशियापर्यंत जाते, आणि तिथेही शाफईच. इंडोनेशियात आजही माणशी अडीच किलो तांदूळ काढतात. हनफींना फितरा रोख द्यायची मुभा आहे, त्यात वावगं काही नाही. शाफईंनी मात्र धान्यच द्यायचं.

भाचा म्हणाला, "खाला, तांदूळ काय नि पैसे काय, गरिबाला मिळाल्याशी मतलब."

मला त्याचं हे वाक्य खोडायचं नाही. मला पुढचं सांगायचंय. शाफई फितऱ्यात दोन कलमं अशी आहेत की ती पाळायची म्हटली तर क्यूआर कोड आपोआप गळून पडतो.

पहिलं, ज्या ठिकाणी तुमच्या डोक्यावर शेवटच्या रोज्याचा सूर्य मावळला तिथल्याच गरजूंचा तुमच्या फितऱ्यावर हक्क, हे आमच्यातलं प्रबळ मत. म्हणजे भाचा पुण्यात असेल तर त्याचा तांदूळ पुण्यातल्याच कुणाकडे जायला हवा. मला पाठवू नकोस, गावच्या मशिदीला पाठवू नकोस, दिल्ली-हैदराबादला तर नकोच नको. आणि शेवटच्या रोज्याच्या आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तो दापोलीला उतरला असेल तर त्याचा फितरा आमच्या वाडीचा. (गल्फमधली मुलं फोन करून इथेच काढायला सांगतात, त्यावर मौलानांत दोन मतं आहेत. मी त्यात पडत नाही.)

दुसरं कलम मला त्याहून मोठं वाटतं. हनफींत ठरावीक मालमत्तेच्या वर असेल त्यालाच फितरा लागू होतो. आमच्यात तशी अट नाही. ईदचा दिवस आणि त्याची रात्र घरच्यांना खायला पुरून ज्याच्याकडे काही उरतं, त्याने द्यायचं. त्यामुळे घेणाराही देतो. आमच्या खाडीकाठी एक बाई आहेत, नाव लिहीत नाही. नवरा होडीवर होता, तो गेल्यापासून त्या बंदरावर मासळी निवडायला जातात. दरवर्षी त्यांच्या घरी चार-सहा घरांचा तांदूळ येतो. त्यातलाच स्वतःच्या आणि मुलीच्या नावाचा मापून त्या चाँदरातीला, ईदच्या आदल्या रात्री, वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला देऊन येतात. त्या वेळी त्यांचं डोकं कसं वर असतं ते मी पाहिलंय. क्यूआर कोडवाल्या पोस्टरात या बाई फक्त 'लाभार्थी' असतात. त्यांच्याकडून घेणारं पोस्टर मी अजून बघितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. फितरा काढायचा तर आपल्या आसपास कुणाच्या घरी ईदला भात शिजणार नाही हे आधी माहीत करून घ्यावं लागतं. चौकशी करावी लागते, दारात उभं राहावं लागतं. अवघड आहे, वेळ जातो, कधी लाजिरवाणंही वाटतं. पण ते गाळून टाकलं की उरते ती नुसती वर्गणी.

भाच्याने यावर बिनतोड सवाल टाकला. "माझ्या सोसायटीत मी तांदळाची पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?" खरंच आहे. फितरा मुसलमान गरजूलाच लागतो, आणि नव्या पुण्यात शेजारच्या फ्लॅटमधला माणूस कोण हेच ठाऊक नसतं. मी म्हटलं, जुम्म्याला ज्या मशिदीत जातोस तिथल्या मोअज्जिनला, अजान देणाऱ्याला, विचार. मोअज्जिनचाच पगार किती असतो तेही विचार जमलं तर. तो गेला, हे मात्र कबूल करायला हवं. मोअज्जिनने एक घर दाखवलं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. त्या रात्री त्याचा मेसेज आला: "पाठ गेली. पण त्या चाचींनी सरबत पाजलं." लगेच दुसरा आला: "पुढच्या वर्षी पैसेच देणार."

त्याचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला खरोखर विचारात पाडतो. एकाच घरात पन्नास-साठ किलो तांदूळ आला की तो दुकानात नेऊन पडत्या भावाने विकला जातो. बाईला गरज असते औषधाची, मुलीच्या फीची. हे होतं, आमच्या डोळ्यांदेखत होतं. यावर काहीजण म्हणतात, बघा, विकतात, म्हणजे गरज नव्हती. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तांदूळ तिच्या हातात पडला की तो तिचा. शिजवेल, विकेल, कोंबड्यांना घालेल. आपण हिशेब मागणारे कोण? बाकी साठ किलो एकाच दारात जातो याचा अर्थ सगळ्यांना एकच घर ठाऊक आहे. औषधाला पैसे द्यायचे तर जकात (दरवर्षीचं सक्तीचं दान) आहे, सदका (ऐच्छिक दान) आहे, त्याला कुणी हात धरलाय? आणि सगळं चाँदरातीवरच ढकलायची गरज नाही. शाफई मतानुसार पहिल्या रोज्यापासून फितरा देता येतो. ईदच्या सकाळी नमाजाच्या आत देणं उत्तम, पण रमजानभर थोडाथोडा गेला तर तिची दहा दिवसांची तरी चिंता मिटते.

तांदूळ कुठला द्यायचा यावरही बोलायला हवं. घरी बिर्याणीला लांब दाण्याचा बासमती आणि फितऱ्याला पोरकिड्याचा जाडा, असा प्रकार मी चांगल्या खात्यापित्या घरांत बघितलाय. नियम स्पष्ट आहे, धान्य खराब, किडकं चालत नाही. पण किडका नसला तरी मन किडकं असू शकतं. दादी फितऱ्याचा तांदूळ सुपात घेऊन खडा न् खडा निवडायची, घरच्या तांदळाला तेवढा वेळ नसायचा. रोज जो भात आपल्या ताटात असतो तो द्यावा, एवढं साधं आहे.

आणि ते रमजान किट! पिशवीवर पुढाऱ्याचा हसरा चेहरा, देणारे सात, घेणारी एक, मधे पिशवी, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि घेणारी जमिनीकडे. मग तो फोटो फेसबुकवर, गावाच्या नावासकट. तिची मुलगी दहावीत असते, तिच्या वर्गातली मुलं तो बघतात. एका वर्षी अशा फोटोनंतर एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती. किट वाटणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसेल. पक्ष कुठला हा प्रश्नच नाही, यात सगळे एकाच माळेचे मणी.

तुम्ही म्हणाल, तीन किलो तांदळाने आता कुणाचं काय होतं, रेशन मिळतंच की. बाजारपेठेत बसून तसं वाटतं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१४ ते २०१८ ही वर्षं आठवा. ईद जून-जुलैत आली होती. मासेमारी बंद, होड्या शाकारून वर ओढलेल्या, मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत बंदरावर शुकशुकाट. शेतात लावणी, वर चौदा तासांच्या वरचे रोजे. आकाश असं भरलेलं की चाँद दिसायची सोय नाही, मुंबईहून खबर येईल तेव्हा ईद. दर्यावर पोट असलेल्या घरांत त्या दिवसांत हातात पैसा नसतो. अशा पावसात चाँदरातीला कुणीतरी घोंगता घेऊन, प्लास्टिकखाली झाकून तांदूळ घेऊन दारात येतं तेव्हा तीन किलो म्हणजे किती ते कळतं.

२०२० ची ईद तर सगळ्यांनी घरातच पढली, लॉकडाऊन होता. २५ मेला ईद झाली आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड... माडा-पोफळीच्या बागा आडव्या, कौलं उडालेली, कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. सरकारी पंचनामे सुरू व्हायच्या आधी आमच्या गावात मदतीची यादी तयार होती, कारण आठवड्यापूर्वीच बायकांनी फितऱ्यासाठी घरन् घर आठवून काढलं होतं. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाकडे तान्हं आहे. ती यादी कागदावर नव्हती. त्या वेळी मात्र तिच्यात हिंदू घरंही आली, बौद्धवाडीही आली, कारण वादळातल्या मदतीला फितऱ्याचे नियम नसतात.

जाता जाता गणिताच्या बाईंचं थोडं कॅलेंडर. ईद चंद्रकोरीवर, म्हणजे शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपासच पडते. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली होती. मग श्रावण अधिक आला आणि ईद एक महिना मागे उडी मारून चैत्रात गेली. २०२४, २०२५ आणि आता यंदा, २०२६, तीनही वर्षं पाडव्याच्या मागोमाग. गुरुवारी पाडवा, ईद शुक्रवारी की शनिवारी ते चाँद ठरवेल. गल्फवाले आमच्या आदल्या दिवशीच व्हिडिओ कॉल करून "आमची झाली गो, तुमची कधी?" म्हणून चिडवतीलच. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून पुढच्या वर्षी ईद फाल्गुनात, कोकणातला शिमगा सुरू होतो त्या फाकपंचमीच्या दोन-तीन दिवस आधी. शिमग्याला येणारे चाकरमानी आणि ईदला येणारे आमचे मुंबईकर एकाच गाडीसाठी भांडणार. तिकिटं आत्तापासून बघा. आणि ईदला येणाऱ्यांनी शेवटच्या रोज्याच्या मगरीबच्या आत गाव गाठा, म्हणजे तुमचा तांदूळ इथल्याच घरात जाईल. शहरातून पाकिटं आणू नका, गिरणीवर इथल्या शेतातला मिळतो.

आता मित्रमंडळींसाठी. "शीरखुर्मा कधी?" असे मेसेज यायला लागलेत. या की. पण फक्त शीरखुर्म्यावर जाऊ नका, तो मुंबईतही मिळेल. आमच्याकडे ईदला वडे असतात, सांदण असतं, नारळाच्या रसातल्या शेवया असतात. गेल्या वर्षी ईद सोमवारी आली आणि निम्मे पाहुणे मटणाच्या टोपाकडे बघत वार पाळत बसले. यंदा शनिवार पडला तर तीच गत. म्हणून काळ्या वाटाण्याची उसळ वेगळ्या टोपात करणार आहे, डाव वेगळा, टोप वेगळा, वडे तळायचं तेलही नवं. फक्त सकाळी दहाच्या आत कुणी येऊ नका. पुरुष ईदगाहवरून मिठ्या मारत सावकाश येतात. आम्ही बायका पहाटेपासून चुलीपाशी असतो आणि त्यातच नमाज उरकून घेतो, त्यामुळे दहापर्यंत आमच्यापैकी एकीचेही केस विंचरलेले नसतात.