मोकळी गुरे, निरोगी गुरे? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

पशुपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. रानात मोकळी चरणारी देशी गुरे मुळातच निरोगी असतात, रोगराई ही गोठ्यात बांधलेल्या संकरित गाईंची देणगी आहे, आजोबा-पणजोबांनी लस न टोचता कळप सांभाळले, आज टोचलेल्या लशीने गाई आटतात आणि गाभडतात, आणि मोकळ्या गुरांपासून माणसाला काहीच धोका नसतो, असे त्याचे पाच मुद्दे आहेत.

पहिल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. कोंदट गोठ्यात क्षयरोग आणि श्वसनाचे विकार लवकर पसरतात, ओल्या-घाण जमिनीवर बसणाऱ्या दुभत्या गाईला स्तनदाह अधिक होतो. मोकळ्या चराईने हे धोके खरोखरच कमी होतात. मात्र त्यांच्या जागी दुसरे येतात. गायरानात आणि पाणवठ्यावर चार गावांची गुरे एकत्र येतात आणि लाळ-खुरकुताचा विषाणू तोंडात फोड दिसण्याच्या आधीपासूनच लाळेतून व श्वासातून बाहेर पडत असल्यामुळे, कोणते जनावर रोग घेऊन आले आहे हे गुराख्याला त्या वेळी ओळखताही येत नाही. फऱ्याचे (मांसल भाग सुजवून सडवणाऱ्या रोगाचे) आणि फाशीचे, म्हणजे काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे), जिवाणू तर बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त रूपाने मातीतच राहतात. फाशीचे बीजाणू कित्येक दशके टिकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस खुरटे गवत मुळासकट ओढून खाणारे जनावर सोबत मातीही गिळते. फऱ्या तर बहुधा सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या जनावरांनाच गाठतो, त्यामुळे धट्टेकट्टे दिसणे हा येथे निरोगीपणाचा पुरावा ठरत नाही.

देशी वंशाच्या प्रतिकारशक्तीचा दावाही अर्धाच खरा आहे. झेबू वंशाची, म्हणजे वशिंडाची देशी गुरे गोचीड आणि गोचिडांमुळे होणारा थायलेरिया हा रक्तातील परजीवीचा रोग विदेशी रक्ताच्या गुरांपेक्षा चांगला सोसतात. तथापि सोसणारे जनावर रोगमुक्त नसते. रक्तात परजीवी बाळगून ते गोचिडांमार्फत इतरांना पुरवत राहते. शिवाय एका रोगाविरुद्धची सहनशक्ती दुसऱ्या रोगापुढे उपयोगी पडतेच असे नाही. २०२२ साली लम्पीने, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाने, सर्वाधिक थैमान घातले ते कच्छ आणि पश्चिम राजस्थानात. हा कांकरेज, थारपारकर, राठी या अस्सल देशी गुरांचा मुलूख आहे, आणि तेथे मोकाट फिरणाऱ्या गाईंची संख्याही मोठी आहे. हा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडे यांच्यामार्फत पसरतो, आणि मोकाट जनावराला ना कोणी वेळेवर वेगळे बांधले, ना त्याच्या गाठींवर औषध लावले.

आजोबांच्या काळाविषयीचा मुद्दा सर्वांत कच्चा आहे, आणि खरे तर तो बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या जीवघेण्या साथीचा, विसर पडल्यामुळेच बोलता येतो. या रोगाने भारतात इतकी गुरे मरत, की १८८९ साली पुण्यात त्याच्या आणि इतर पशुरोगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढावी लागली. १८९३ मध्ये ती कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. त्याच सुमारास आफ्रिकेत शिरलेल्या बुळकांडीने इरिट्रिया-इथिओपियापासून दक्षिण टोकापर्यंत बहुतांश गुरे मारली. त्यांतली कितीतरी मसाई आणि इतर पशुपालकांची, उघड्या माळावर चरणारी, स्थानिक वंशाचीच होती. गोठ्याचा तेथे प्रश्नच नव्हता. भारतातील शेवटचा रुग्ण १९९५ साली आढळला आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले, ते मुख्यतः लसीकरण आणि चोख पाळत यांच्या जोरावर. आजोबांच्या गोठ्यात उरलेली गुरे आपल्याला आठवतात. जी उरली नाहीत त्यांचे फोटो कोणी पुढे पाठवत नाही.

लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध घटते, ताप येतो, टोचल्याजागी सूज येते, हे खरे आहे आणि पशुपालकाला ते आधीच सांगायला हवे. लाळ-खुरकुताची लस निष्क्रिय विषाणूची असते, त्यामुळे तिच्यातून तो रोग होत नाही. गाभडण्याची भीती असेल तर खरा संशय सांसर्गिक गर्भपातावर, म्हणजे ब्रुसेलावर, घ्यायला हवा. त्याची जिवंत जिवाणूंची लस गाभण गाईला देतच नाहीत. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच टोचतात. चराईच्या कुरणात गाभडलेल्या गाईचा वार आणि स्राव तसाच पडून राहिला, की तेथे चरणाऱ्या पुढच्या गाभण गाईला तो रोग मिळतो.

ब्रुसेला माणसालाही होतो, कच्च्या दुधातून आणि वार हाताळताना. माणसाला धोका नाही या दाव्याला याहून ठळक उत्तर मात्र सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मिळते. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप हा गोचिडांमार्फत पसरणारा विषाणूजन्य ताप २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोहोचला. तो पसरवणाऱ्या गोचिडांची पिल्ले उंदीर-घुशी, माकडे आणि माणसांना चावतात, पण मोठी गोचिडे पोसली जातात ती बहुतांशी जंगलात चरणाऱ्या गुरांवर. गाय स्वतः आजारी पडत नाही, ती विषाणूचा साठाही नाही. तरीही तिच्या रक्तावर गोचिडांची संख्या वाढते, आणि काजूच्या बागेत किंवा सरपणासाठी रानात गेलेल्या माणसाला त्याचा फटका बसतो. गाय निरोगी दिसते म्हणून सारे ठीक आहे, या समजुतीचा फोलपणा यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा रोग मला माहीत नाही.

मोकळ्या कळपांना लस देणे अवघड असते, ही अडचण संदेशात मांडली असती तर तिच्याशी कोणाचा वाद नव्हता. कानात ओळखीचा बारा अंकी बिल्ला नसलेली, मालकाला महिनोन्‌महिने न दिसणारी गुरे सरकारी मोहिमेतून सहज सुटतात. घटसर्प (गुरांचा घसा सुजवणारा जिवाणूजन्य रोग) आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, कळप गावाजवळच्या पाणवठ्यावर येत असतानाच टोचून घेता येते. आणि रानात अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदद्वारातून न गोठलेले रक्त वाहत असेल, तर ते सोलू नये, फाडू नये. हवा लागताच फाशीचे जिवाणू बीजाणू धरतात आणि ते कुरण पुढच्या पिढीतील गुरांसाठीही धोक्याचे होऊन बसते.