नानांचा काटा आणि एरर 200

धरणगावच्या आमच्या नानांचा कापूस खरेदीचा हिशेब 1995 सालापासून एकच प्रोग्राम सांभाळतो. धुळ्याच्या एका मास्तरांनी टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिलेला. वजन टाका, भाव टाका, हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबाची पट्टी बाहेर. मूळ कोडची फ्लॉपीही मास्तरांनी दिली होती. तिला बुरशी लागली.

2016च्या दिवाळीत मी पुण्याहून पोहोचलो, तेव्हा विंडोज 98चं मशीन गतप्राण झालं होतं. गोदामातल्या उंदरांनी डब्याच्या आत सरकी साठवून वायरी कुरतडल्या होत्या. मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे एवढं गावाला पुरेसं होतं. (मी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर विकतो. असो.) काकूंनी शेवभाजीचं ताट पुढ्यात ठेवलं आणि नाना म्हणाले, "जेवण झालं का हाई जरासं देखी ले भो."

त्या 'जराशा'ला तीन दिवस लागले.

हार्ड डिस्क शाबूत होती. प्रोग्राम माझ्या नव्या लॅपटॉपवर टाकला, तर 64 बिटी विंडोजनं जुन्या पिढीच्या 16 बिटी पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं. मग बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं विंडोज एक्सपीचं मशीन बाराशे रुपयांत उचललं. एक्सपीचे अपडेट 8 एप्रिल 2014लाच थांबलेले. पण नानांची राजदूतही बनायची कधीच थांबली आहे, आणि ते रोज तिच्यावरून जिनिंगला जातात.

पहिलाच अडथळा: 'ऑटोएक्झेक डॉट एनटी' ही फाइल डॉसचे (विंडोजच्या आधीच्या जमान्यातले) प्रोग्राम चालवायला योग्य नाही, असा निरोप. तासभर त्या फाइलमध्ये काय खोट आहे ते शोधायला निघालो, तर फाइल जागेवर नाहीच! कुठल्या तरी व्हायरसनं किंवा त्याला मारणाऱ्यानं तिला गिळलं होतं. स्थळं पाहताना असंच होतं. मुलगा पसंत नाही म्हणतात, आणि मुलगा पाहिलेलाच नसतो. विंडोजच्या 'रिपेअर' फोल्डरमध्ये तिची एक प्रत पडून असते. ती 'सिस्टिम32'मध्ये चिकटवली आणि काळा पडदा उघडला.

उघडला आणि मिटला. 'रनटाइम एरर 200. डिव्हिजन बाय झीरो.'

"शून्य कोठे शे?" नाना म्हणाले. "मी तं आजून भावच टाकेल नही."

एव्हाना दारात कापसाचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरवाला, हमाल आणि मोबाइल दुकानातला पोरगा असे तिघं माझ्या पाठीमागे उभे राहिले. पोरगा दर पाच मिनिटांनी "फॉरमॅट मारा ना" म्हणत होता. हमालाचं मत होतं की मशीनला पंखा लावावा.

खरी गंमत अशी, की शून्य कुठेच नव्हतं. त्या काळचं पास्कल सुरू होताना मशीनचा वेग मोजतं: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण 55 मिलिसेकंदांत, किती फेऱ्या मारता येतात ते. त्या आकड्याला 55नं भागतं आणि उत्तर 65535पर्यंतच मावेल अशा डबीत ठेवतं. मास्तरांच्या काळात ही डबी ऐसपैस होती. सायबर कॅफेच्या पेंटियमनं इतक्या फेऱ्या मारल्या की उत्तर डबीबाहेर सांडलं, आणि प्रोसेसरकडे त्या सांडण्याला वेगळा शब्दच नाही. तो 'शून्यानं भागलं' म्हणून मोकळा होतो. नानांना सांगितलं, "दोनशे किलोच्या काट्यावर अख्खा ट्रॅक्टर चढवला समजा." त्यांना लगेच पटलं. मला पटायला संध्याकाळ गेली होती.

प्रोग्राममधला तेवढाच तुकडा बदलणारी एक चिमुकली दुरुस्तीची फाइल कुणा भल्या माणसानं लिहून ठेवली आहे. ती गच्चीवर, टाकीच्या कोपऱ्यात उभं राहून, मोबाइलवर उतरवली. तिथंच रेंज येते.

तिसरा दिवस प्रिंटरचा. आमच्या प्रोग्रामला जगात फक्त 'एलपीटी1' हे प्रिंटरचं जुनं भोक ठाऊक, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आता यूएसबीच्या वायरीवर. मग थाप मारायची: प्रिंटर नेटवर्कवर शेअर करायचा आणि 'नेट यूज' या आज्ञेनं सांगायचं की हाच तुझा एलपीटी1. पण नेटवर्कची वायर नसेल तर एक्सपी हेही ऐकेना. शेवटी स्वतःशीच बोलणारं एक खोटं नेटवर्क कार्ड बसवलं. पट्टी छापायला सांगितली. शांतता. पुन्हा सांगितली. शांतता. सहा वेळा सांगून, वैतागून प्रोग्राम बंद केला, तसा प्रिंटर कर्र कर्र करत सहाच्या सहा पट्ट्या एकदम ओकू लागला. डॉसचा माल विंडोज अडवून धरतं आणि प्रोग्राम गेल्यावर सोडतं, हे ज्ञान मला तेव्हा झालं.

ट्रॅक्टरवाल्याची पट्टी निघाली. 14 क्विंटल 20 किलो, सगळं बरोबर. फक्त तारखेत 1916. मास्तरांनी '19' कायमचं छापून ठेवलं होतं. नानांनी खिशातलं पेन काढलं, '19' खोडून वर '20' लिहिलं, बाजूला सही ठोकली. सोळा वर्षं हात बसलेला.

मी उत्साहात म्हणालो, "नाना, हेपण दुरुस्त होईल. पुढच्या खेपेला बघतो."

"ऱ्हाऊ दे रे भो," पेन खिशाला लावत नाना म्हणाले. "तेवढंच काम मन्हाकडे शे."