एका हेगमनवरून काय कळतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर, प्रतिक्रिया वाचली, राग पोचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती लॅबची तपासणी) जास्त आला म्हणून पुढे ढकललं, त्यात आईंनी माझी जॉन हेगमनवरची (रक्त उशिरा गोठायचं तरी गाठीने गेलेला जुना पेशंट) पोस्ट वाचली आणि आता ह्यांना पण रक्ताची गाठ होणार म्हणून घरात रडारड चालू आहे. आणि ७० वर्षांपूर्वीच्या एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं, तेव्हा पोस्ट काढा.

मला वाटतं आईंनी शेवट वाचला आणि मधलं राहिलं. हेगमन अमेरिकेत क्लीव्हलँडला होता, रेल्वेत कामाला. अल्सरच्या ऑपरेशनआधी तपासलं तर रक्त नळीत गोठायला भलताच वेळ घेत होतं, पण ह्या बाबाला रक्त थांबत नाही असा त्रास आयुष्यात कधी झालाच नव्हता! रॅटनॉफ आणि कोलोपी या संशोधकांनी १९५५ साली ती केस छापली, त्याच्या रक्तात जे नव्हतं त्याला आता फॅक्टर १२ म्हणतात (रक्त गोठवायला लागणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, त्यातलं एक). गंमत अशी की हा फॅक्टर काच, सिलिका असल्या पृष्ठभागाला लागून जागा होतो, म्हणून लॅबमधल्या नळीत तो नसला की वेळ वाढतो, पण जखम झाली की शरीरात गोठणं सुरू होतं ते टिश्यू फॅक्टरपासून (रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरचं प्रथिन), तिथे १२ वाचून काही अडत नाही.

मग १९६८ ला तो पडला, कंबरेचं हाड मोडलं आणि फुफ्फुसात गाठ जाऊन गेला. आता ह्यावरून फॅक्टर १२ नसला की गाठी होतात असं कोणी म्हणालं तर मी तुमच्या बाजूने भांडेन, कारण असं फ्रॅक्चर आणि अंथरुणाला खिळणं एवढं कोणालाही गाठ व्हायला पुरतं. पण रक्त उशिरा गोठतंय म्हणजे ह्याला गाठ होणारच नाही, हे म्हणणं मात्र त्या एकट्या माणसाने मोडीत काढलं. "होऊच शकत नाही" असं कोणी म्हणत असेल तर त्याला एक पेशंट पुरे. किती जणांना होतं हे मात्र एकावरून कधीच निघत नाही आणि विचित्र केसच छापल्या जातात, साध्या कोणी छापत नाही, हे तुमचं १०० टक्के मान्य.

जुनं नको असेल तर २०२१ चं घ्या. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर (आपल्या पुण्याच्या सीरमची कोविशिल्ड तीच) गाठी, पण प्लेटलेट कमी, असा उलटा प्रकार दिसला. जर्मनी-ऑस्ट्रियाचे ११ आणि नॉर्वेचे ५ पेशंट, एवढ्यांवरचे पेपर एप्रिलमध्ये आले आणि पीएफ४ (प्लेटलेटमधलं एक प्रथिन) विरुद्धची अँटिबॉडी सापडली, म्हणजे हेपारिन ह्या रक्त पातळ करायच्या औषधामुळे कधी कधी होतो त्याच्याच जातीचा प्रकार. लाखांत किती, हे त्या १६ जणांवरून निघणार नव्हतं, ते नंतर मोठ्या नोंदींवरून निघालं. पण हेपारिन टाळा, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) द्या, हे डॉक्टरांना वेळेत कळलं ते ह्या मूठभर केसमुळेच, त्यासाठी लाखभर पेशंट जमेपर्यंत कोण थांबणार?

आता वडिलांचं. मी डॉक्टर नाही, लॅबवाला आहे, सर्जननी थांबवलं ते बरोबरच केलं. पण आधी सॅम्पल परत द्या, कारण निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर त्यातलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि एपीटीटी खोटा वाढतो, हे मी रोज बघतो. परत पण जास्त आला तर मिक्सिंग टेस्टचं विचारा, त्यात नॉर्मल प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिसळतात, वेळ सुधारला तर कुठलातरी फॅक्टर कमी आहे, नाही सुधारला तर रक्तातलं काहीतरी गोठणं अडवतंय. फॅक्टर ८, ९, ११ कमी असेल तर ऑपरेशनची तयारी वेगळी, १२ असेल तर बहुतेक वेळा रक्तस्रावाची भीती नाही. आणि लुपस अँटिकोॲग्युलंट (ही टेस्ट लांबवणारी एक अँटिबॉडी) निघालं तर एपीटीटी जास्त असूनही कल गाठींकडेच, म्हणून नुसत्या एका आकड्यावर घाबरू पण नका आणि निर्धास्त पण होऊ नका.

दात काढला तेव्हा रक्त किती वेळ वाहिलं, आधीच्या ऑपरेशनला काय झालं, घरात अजून कोणाला त्रास आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे कागदावर लिहून न्या, हेमॅटॉलॉजिस्ट (रक्ताचे डॉक्टर) पहिलं हेच विचारतात. पोस्ट काढत नाही. आईंना मधला भाग वाचून दाखवा. आणि रिपोर्ट आला की फोटो इथे कमेंटमध्ये टाकू नका हां, त्यावर नाव-वय-फोन नंबर सगळं असतं.